कोटणीसांच्या नावातले ‘ह्वा’

निझव्याला येणाऱ्या मराठी माणसाचे दुसरे बारसे रेसिडेंट कार्डावर होते. अरबीत ‘प’ नाही, ‘ट’ नाही, ‘ळ’ तर वेशीबाहेरच राहतो. त्यामुळे पाटलांचे होते ‘बातील’, म्हणजे आपल्या ‘रद्दबातल’चे (तोही मूळचा अरबीच) जवळजवळ सख्खे शेजारी! तरी अरबी लिपी निदान उच्चारावर चालते. चिनी लिपीत बहुतेक प्रत्येक अक्षराला स्वतःचा अर्थ असतो. परक्याचे नाव लिहायचे, तर अर्थही निवडावा लागतो. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे चिनी नाव असेच निवडलेले आहे.

जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टर पाठवले: अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. त्यांपैकी नागपूरचे चोळकर हे दुसरे मराठी. चीनमध्ये पाचही जणांच्या नावाअखेर एकच अक्षर आले, ‘ह्वा’. कोटणीस झाले ‘ख दी-ह्वा’.

‘ह्वा’ म्हणजे झळाळी, वैभव, मुळात फूल, आणि चीन देशही. ‘शिन्ह्वा’ वृत्तसंस्थेच्या नावात आणि मोबाइलवाल्या ‘हुआवे’त हेच अक्षर आहे. परदेशात राहणाऱ्या चिनी माणसाला ‘ह्वाछ्याओ’ म्हणतात, म्हणजे आपलेच जातभाई! खरी गंमत मात्र आधीच्या ‘दी’मुळे येते. ‘दी’ हे एक फुलझाड. ‘शी जिंग’ या अडीच हजार वर्षांहून जुन्या काव्यसंग्रहात भावाभावांच्या मायेची एक कविता याच झाडाच्या फुलांनी सुरू होते. तेव्हापासून ‘दी-ह्वा’ म्हटले की जुने ग्रंथ वाचलेल्या चिनी माणसाला भाऊ आठवतात.

कोटणीस ही भाषा नुसती बोलण्यापुरती शिकले नाहीत. १९४१ मध्ये ते बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले. ते चिनीतून शिकवत आणि शस्त्रक्रियेवर चिनीतच पुस्तक लिहीत होते. त्याच वर्षी क्वो छिंग-लान यांच्याशी त्यांचे लग्न झाले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. सेनापती न्ये रोंगचेन यांनी त्याचे नाव ठेवले ‘यिन-ह्वा’. ‘यिन’ म्हणजे एरवी शिक्का, मोहोर. पण ‘यिन्दू’ या भारताच्या चिनी नावाचे ते पहिले अक्षर. म्हणजे भारत-चीन, एवढेच साधे नाव.

९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय ३२. यिन-ह्वा तेव्हा साडेतीन महिन्यांचा होता. वैद्यकीचे शिक्षण घेणारा हा मुलगाही १९६७ मध्ये, ऐन पंचविशीत गेला. क्वो छिंग-लान २०१२ पर्यंत होत्या.

कोटणीसांची समाधी शिजियाझ्वांग शहरातल्या हुतात्म्यांच्या स्मृतिस्थळी आहे. तिच्यावरही तीच तीन अक्षरे आहेत: ख, दी, ह्वा.