संहिता नाही, तरी न्याय आहे

दशावतार पाहायला बाहेरगावचा पाहुणा आला की एक प्रश्न हमखास विचारतो : यांचे संवाद लिहून कोण देतो? उत्तर असे, की कोणीच नाही. फोंडाघाटापासून वेंगुर्ल्यापर्यंत जत्रेच्या रात्री देवळापुढे रंगणाऱ्या या खेळाला परंपरेने लिखित संहिता नसते. आख्यान मंडळाचा नायक ठरवतो, भूमिका वाटतो, कथेचा ओघ सांगतो. पुढे पहाटेच्या दहिकाल्यापर्यंत कलावंत आपापल्या बुद्धीने बोलतात.

मग हा खेळ न्यायाने चालतो कसा? बोलका राजपार्टी नवख्याला गप्प करील, असुर देवाला वादात हरवील, ही भीती आहेच.

मराठी रंगभूमीने या भीतीवर एक उत्तर शोधले. कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीत पाहिल्यावर विष्णुदास भाव्यांनी 1843 साली ‘सीतास्वयंवर’ रंगवले. त्यातही पदे रचलेली असत. भाषणे पात्रे बरीचशी आपल्या शब्दांत करीत. 1861 साली वि. ज. कीर्तन्यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ आले आणि ‘बुकीश’ नाटकांचा काळ सुरू झाला. कोणी किती बोलायचे, याचा निवाडा आता पुस्तकच करू लागले.

दशावताराने मात्र निवाडा माणसांकडेच ठेवला. त्याचे पहिले कुंपण म्हणजे कथा. संकासुर मालवणीत हवी तेवढी टिंगल करो, ब्रह्मदेवाचे वेद पळवो, लोकांना हसवो. शेवटी तो विष्णूच्या हातून मरणारच. वाट मोकळी, मुक्काम ठरलेला. दुसरे कुंपण पेटीवर बसलेल्या हरदासाचे. भाषण रंगले तर तो थांबतो. लांबले की पद उचलतो आणि मृदंग-झांज त्याला साथ देतात. कोणाचाही अपमान न होता प्रसंग पुढे सरकतो. तिसरे कुंपण प्रेक्षकांचे. पुराण त्यांना पाठ असते. आडमार्गाला गेलेला नट त्यांच्या लगेच लक्षात येतो.

हाच पेच जगाच्या दुसऱ्या टोकालाही पडला होता. प्रशियाच्या लष्करात 1824 पासून नकाशावर युद्धाचा खेळ खेळत. खेळणारे अधिकारी आज्ञा देत, पंच फासे आणि कोष्टके पाहून निकाल सांगे. पुढे कोष्टके इतकी वाढली, की खेळ जड झाला. तेव्हा 1876 साली फेर्डी द्यु व्हेर्नुआ या सेनानीने सुचवले, की कोष्टके बाजूला ठेवा. अनुभवी पंचाने आपल्या समजुतीने निकाल द्यावा. युद्धखेळांच्या याच घराण्यातून 1974 साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिका घेऊन खेळायचा खेळ निघाला. टेबलाभोवती बसलेला खेळाडू वाटेल ती युक्ती सांगतो, ती चालेल की नाही हे खेळ चालवणारा ठरवतो. नियम पुस्तकात असतात. पण पुस्तकात नसलेली युक्ती निघाली, की भिस्त त्याच्या न्यायबुद्धीवर येते.

आपल्या नायकाचे कामही तेच. सुचलेल्याला वाव द्यायचा, पण एकाच्या सुचण्याने दुसऱ्याची भूमिका बुडू द्यायची नाही.

शहरी रंगमंचावर हाच प्रयोग दोन-तीन तासांत आटोपावा लागतो. वेळ आखडला, की कात्री आधी नवख्याच्या वाक्यांना लागते. जत्रेच्या लांब रात्रीत मात्र त्याला अडखळायला, सावरायला आणि पुन्हा बोलायला सवड मिळते. दशावताराचे पुढचे नट याच सवडीत घडतात. ती सांभाळणे नायकाइतकेच प्रेक्षकांच्याही हाती आहे.