विद्यानगरींतील आपला समाज : रामदासपेठेच्या परिसराचा अल्प वृत्तांत

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं प्रभूचे उपकार स्मरत असतां, ज्या भूमींत आपला समाज वाढला तिचा वृत्तांतहि आठवणें उचित आहे.

रामदासपेठेंत नागपूर विद्यापीठाचें ग्रंथालय आहे. हिस्लॉप कॉलेज १८८३ सालीं व मॉरिस कॉलेज १८८५ सालीं निघालें. पुढें १९२३ सालीं विद्यापीठ स्थापन झालें आणि या नगरास विद्यानगरीची योग्यता आली. २००५ सालापासून त्या विद्यापीठास राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचें नांव आहे. या विद्यावैभवांत आपल्या समाजाचा वाटा किती, हा प्रश्न आजच्या दिवशीं मनांत येणें साहजिक आहे.

फादर मेर्मिए यांनीं १८३८ सालीं सव्हॉय प्रांतांतील आनसी येथें संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नांवें मिशनऱ्यांचा संघ स्थापिला. त्या संघाचे धर्मगुरु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास विशाखापट्टणास उतरले व तेथून मध्यप्रांतांत आले. १८७० सालीं सदर भागांत संत फ्रान्सिस द सेल्स शाळा सुरू झाली. १८८७ सालीं नागपूर हा स्वतंत्र धर्मप्रांत होऊन बिशप आलेक्सी रिकाझ हे त्याचे पहिले धर्माध्यक्ष झाले. येथें धर्मप्रांताहून शाळा सतरा वर्षांनीं वडील आहे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

तथापि शाळा असूनहि दीर्घकाळ धर्मप्रांताचें स्वतःचें महाविद्यालय या शहरांत नव्हतें. मॅट्रिक झालेल्या आपल्या मुलांना उच्च शिक्षणासाठीं इतरांनीं उभारलेल्या संस्थांकडे जावें लागे. त्या संस्थांचें हें ऋण आपण मान्य केलें पाहिजे.

१९५१ सालीं यूजीन डिसूझा हे नागपूरचे बिशप झाले. परदेशी धर्माध्यक्षांच्या परंपरेनंतर हें पद प्रथमच एका भारतीयाकडे आलें. १९५३ सालीं नागपूर महाधर्मप्रांत झाला. त्यानंतर १९५६ साल उजाडलें. त्या वर्षीं १४ ऑक्टोबरला, रामदासपेठेपासून फार दूर नसलेल्या मैदानावर, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आपल्या लक्षावधि अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली; तीच भूमि आज दीक्षाभूमि म्हणून प्रसिद्ध आहे. पुढें १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली व नागपूरचें राजधानीपद गेलें. अनेक सरकारी कचेऱ्या मुंबईस व भोपाळास हलल्या आणि त्यांतील नोकरदारांना बिऱ्हाडें आवरावीं लागलीं. शेजारीं राहणारीं कुटुंबें अशीं दूर गेलीं म्हणजे धर्मग्रामाचीहि हानि होते.

ज्या वर्षीं शहराचें वैभव असें ओसरलें, त्याच वर्षीं महाधर्मप्रांतानें संत फ्रान्सिस द सेल्स महाविद्यालय काढलें. तें सेमिनरी हिल्सवर आजहि चालू आहे. सत्ता दुसरीकडे गेली तरी विद्या येथेंच राहावी, असा या योगायोगाचा अर्थ कोणी केला तर तो आम्हांस अमान्य होणार नाहीं.

मात्र या इतिहासांत एक मोठी उणीव आहे. वर जीं नांवें आलीं तीं बहुतेक बिशपांचीं व संस्थांचीं आहेत. सामान्य गृहस्थ त्यांत कोठें आहे? पहिल्या मिशनऱ्यांची मातृभाषा फ्रेंच होती. उपासना लॅटिनमध्यें होई. १९६२ ते १९६५ या काळांत भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मातृभाषेंत होऊं लागली. स्नानसंस्काराच्या नोंदवहींत बालकाचें, आईबापांचें व धर्ममातापित्यांचें नांव सांपडतें, दिनांकहि सांपडतो. पण तें कुटुंब कोणत्या गांवाहून आलें, मुलाची फी कशी भरली गेली, घरांतील पहिला पदवीधर कोण, हें ती वही सांगत नाहीं. तें केवळ वृद्धांच्या स्मरणांत आहे, आणि दरवर्षीं त्यांतील कांहीं भाग आपण स्मशानभूमींत ठेवून येतों.

म्हणून सर्व धर्मबंधुभगिनींस नम्र विनंति आहे कीं, या ज्युबिलीच्या वर्षांत प्रत्येक घरानें आपल्या वडीलधाऱ्यांजवळ बसून दोन पानें मराठींत लिहून काढावींत व धर्मगुरूंच्या स्वाधीन करावींत. पुढील ज्युबिलीच्या स्मरणिकेंत मग संस्थांच्या जोडीस माणसांचाहि इतिहास छापतां येईल.

ज्यांचीं नांवें कोणींहि लिहून ठेवलीं नाहींत, पण ज्यांच्या कष्टांवर हा समाज उभा आहे, त्या सर्वांस प्रभु चिरशांति देवो.