श्वास सांभाळणारे हात: सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि अतिदक्षता वैद्यकाचे शिक्षण

१/
९ डिसेंबर १९४२. उत्तर चीनमधील गेगोंग या खेड्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे अपस्माराच्या झटक्यांनी निधन झाले. वय अवघे ३२. मुलगा चार महिन्यांचाही नव्हता. त्यांच्या सेवेची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यांच्या मृत्यूशी जोडलेला वैद्यकशिक्षणाचा एक धागा मात्र फारसा कोणी उलगडत नाही.

२/
कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. वैद्यकीय पदवी त्यांनी मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयातून घेतली. पदव्युत्तर शिक्षणाची तयारी चालू असतानाच, जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीसाठी काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवण्याचे ठरवले. सप्टेंबर १९३८ मध्ये ते पथक मुंबईहून निघाले. कोटणीसांचे पुढचे शिक्षण राहिले ते राहिलेच.

३/
जानेवारी १९४१ मध्ये ते ज्या रुग्णालयाचे संचालक झाले, त्याला कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांचे नाव होते. बेथ्यून मूळचे छातीचे शल्यविशारद. त्यांना स्वतःला क्षय झाला होता. अमेरिकेतील ट्रूडो आरोग्यधामात, रोगट फुप्फुसाभोवती हवा भरून ते मिटवून ठेवण्याच्या उपचाराने ते बरे झाले. पुढे माँट्रियलमध्ये एडवर्ड आर्चिबाल्ड यांच्या हाताखाली ते छातीची शस्त्रक्रिया शिकले. फुप्फुसांचे वैद्यक तेव्हा असेच, गुरूशेजारी उभे राहून शिकले जाई.

४/
बेथ्यून आणि कोटणीस या दोघांनीही रणभूमीवर केवळ जखमी तपासले नाहीत, तर शिष्यही घडवले. कोटणीस चिनी भाषा शिकले आणि त्याच भाषेत तेथील वैद्यकीय शाळेत शिकवू लागले. शत्रूचा वेढा पडला की शाळा आणि रुग्णालय एका खेड्यातून दुसऱ्या खेड्यात हलत असे. औषधे संपली तरी काम चालू राही, कारण ते करणारे हात तयार झालेले असत.

५/
दोघांचा शेत कसा झाला, ते पाहण्याजोगे आहे. नोव्हेंबर १९३९ मध्ये बेथ्यून गेले, शस्त्रक्रियेच्या वेळी बोटाला झालेल्या जखमेतील संसर्ग रक्तात पसरून. तीन वर्षांनी कोटणीस गेले, अपस्माराच्या झटक्यांनी. रक्तातील जंतुसंसर्ग आणि न थांबणारे झटके हे दोन्ही आज अतिदक्षता वैद्यकाच्या अभ्यासक्रमातील मूलभूत धडे आहेत. १९४२ मध्ये मात्र जगात कोठेच ही विद्याशाखा अस्तित्वात नव्हती.

६/
ती जन्मली दहा वर्षांनी, कोपनहेगनमध्ये. १९५२ च्या उन्हाळ्यात तेथे पोलिओची भीषण साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वसनाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण येऊ लागले. रुग्णालयाकडे एक श्वसनपेटी आणि छातीवर बसवायची सहा श्वसनकवचे एवढीच सामग्री होती. यंत्रावर ठेवलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण तीन दिवसांत दगावले.

७/
रुग्णांच्या रक्तात बायकार्बोनेटचे प्रमाण वाढलेले दिसे. डॉक्टरांना वाटे, हा रक्तातील अल्कता वाढवणारा काही अनाकलनीय विकार असावा. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी ओळखले की कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही, ती साचते आहे. रोगी पोलिओच्या विषाणूने मरत नव्हते, अपुऱ्या श्वासाने मरत होते. २७ ऑगस्ट १९५२ रोजी एका १२ वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन त्यांनी नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली.

८/
पण अशा प्रत्येक रुग्णासाठी रात्रंदिवस पिशवी दाबणार कोण? वैद्यकीय महाविद्यालयांतील सुमारे १,५०० विद्यार्थी पुढे आले. पाळ्या लावून, रुग्णाच्या उशाशी बसून, आठवडेच्या आठवडे त्यांनी हाताने श्वास दिला. श्वसन बंद पडलेल्यांतील मृत्यूचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक होते, ते ४० टक्क्यांच्या आसपास उतरले. डिसेंबर १९५३ मध्ये इब्सेन यांनी कोपनहेगनमध्येच स्वतंत्र अतिदक्षता विभाग सुरू केला. जगातील पहिल्या अशा विभागाचा मान सामान्यतः त्यालाच दिला जातो.

९/
त्याच १९५२ साली आयसोनियाझिड हे क्षयावरील प्रभावी औषध वापरात आले. आरोग्यधामे हळूहळू ओस पडू लागली आणि छातीच्या डॉक्टरांचे लक्ष श्वसनाच्या इतर विकारांकडे वळले. १९६७ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हरच्या डॉक्टरांनी १२ रुग्णांच्या नोंदींवरून तीव्र श्वसनत्रासाचे एक नवे लक्षणचित्र जगापुढे मांडले. आज ते ‘एआरडीएस’ म्हणून ओळखले जाते. फुप्फुसे आणि अत्यवस्थ रुग्ण यांचा अभ्यास एकत्र का करायचा, याचे उत्तर या आजारातच होते.

१०/
महाराष्ट्रात ही वाट मुंबईतून गेली. डॉ. फरोख उडवाडिया यांनी देशातील सुरुवातीच्या अतिदक्षता विभागांपैकी एक उभारला. त्यांच्या अभ्यासाचा एक मोठा विषय होता धनुर्वात. या रोगात आचके येऊन श्वसनाचे स्नायूही जखडले जातात. स्नायू औषधाने सैल करून, श्वास यंत्राकडे सोपवून अनेक दिवस पहारा ठेवला तर रुग्ण वाचतो, हे या विभागांनी दाखवून दिले. १९९३ मध्ये अतिदक्षता तज्ज्ञांची अखिल भारतीय संघटनाही मुंबईतच स्थापन झाली.

११/
आज हा शिक्षणक्रम ठरलेला आहे. आंतरवासितेसह एमबीबीएसची साडेपाच वर्षे, एमडीची तीन आणि त्यापुढे डीएम या अतिविशेष पदवीची तीन. म्हणजे किमान साडेअकरा वर्षे. या अखेरच्या टप्प्यात दुर्बिणीतून श्वासनलिका तपासणे, व्हेंटिलेटरवरच्या फुप्फुसाला किती दाब सोसवेल हे ठरवणे आणि यंत्र केव्हा काढायचे हे ओळखणे शिकावे लागते. पुस्तक दिशा दाखवते. निर्णय मात्र खाटेशेजारीच शिकता येतो.

१२/
कोटणीसांच्या सोलापुरात वैद्यकीय महाविद्यालय आले ते १९६३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर २१ वर्षांनी. २०२०-२१ च्या करोना साथीने देशातील प्रत्येक जिल्ह्याला जुनाच धडा नव्याने दिला. व्हेंटिलेटर पेट्यांतून काही दिवसांत पोहोचवता येतात. ते चालवणारा डॉक्टर आणि परिचारिका घडायला वर्षे लागतात.

१३/
कोपनहेगनचे विद्यार्थी आणि गेगोंगचे विद्यार्थी यांची कधी भेट झाली नाही. तरी दोन्हीकडचा अनुभव एकच सांगतो: संकट येते तेव्हा आधी शिकवून ठेवलेले हातच उपयोगी पडतात. पदव्युत्तर शिक्षण अर्धवट सोडून निघालेला सोलापूरचा एक तरुण डॉक्टर अखेरपर्यंत शिकवत राहिला. ज्या विद्येने कदाचित त्यालाही वाचवले असते, ती जगाला गवसली त्यानंतर दहा वर्षांनी.