श्योंग

श्योंग : गलबला, तंटा, भांडणाचा कल्लोळ या अर्थांचे अभिजात चिनी अक्षर. आजच्या प्रमाण चिनीत त्याचा उच्चार पहिल्या, म्हणजे उंच व सपाट, सुरात होतो. रेघा 11. डावीकडे ‘वाणी’ हे मूलांग (खांगशी कोशातील 214 पैकी 149 वे), उजवीकडे ‘अशुभ’ या अर्थाचे अक्षर. सरलीकृत लेखनात डावा भाग दोन रेघांवर आल्याने रेघा सहाच उरतात.

उजवे अक्षर पाहण्याजोगे आहे : वर उघडा खड्डा आणि आत एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघा. त्यामुळे ‘अशुभ बोलणे म्हणजे भांडण’ अशी फोड करण्याचा मोह होतो. ती फार तर अर्धी खरी. इ. स. 100 च्या सुमारास शू शेन याने रचलेल्या कोशात या अक्षराचे मूळ रूप वेगळे असून त्यात उजवीकडे ‘छाती’ या अर्थाचे अक्षर आहे. आजचे रूप हा त्याचा संक्षेप. छातीचा तंट्याशी काही संबंध नाही. दोन्ही उजव्या अक्षरांचा उच्चार श्योंगच, आणि त्यांचे मुख्य काम उच्चार दाखवण्याचे.

‘शीजिंग’ या 305 गीतांच्या प्राचीन संग्रहात हे अक्षर भेटते. एका गीतात यिन नावाच्या सत्ताधीशावर ठपका ठेवताना कवी देशातल्या कलहाचे खापर आभाळावरही फोडतो. दुसरे गीत लू राज्याचे : ह्वाय नदीकाठच्या लोकांवर विजय मिळवून परतलेले योद्धे श्रेयावरून तंटा न करता आपली कामगिरी सादर करतात. ‘अर्या’ हा जुना कोश या अक्षराचा अर्थ थेट ‘वाद, फिर्याद’ असा देतो.

द्विरुक्त ‘श्योंगश्योंग’ म्हणजे एकच गदारोळ. लिहिणाऱ्यांनी मात्र ध्वनी धरला, अक्षर सोडले. ‘श्युन्झ’ या ग्रंथात आणि सिमा च्येनच्या इतिहासात ते छातीच्या अक्षराने लिहिलेले आढळते. या इतिहासात श्यांग यू प्रतिस्पर्धी ल्यू बांगला सुनावतो, की वर्षानुवर्षे जग खवळले आहे ते आपल्या दोघांपायी, तेव्हा द्वंद्वानेच निकाल लावू. ल्यू बांग हसून नकार देतो. आपली लढाई डोक्याची, बळाची नव्हे, असे त्याचे उत्तर. (हेच छातीचे अक्षर श्योंगनू या भटक्या लोकांच्या नावात आणि हंगेरीच्या चिनी नावातही आहे.)

आजच्या लेखनात ‘वाणी’चे रूप क्वचितच दिसते. अंगावर धावून येणाऱ्या आवेशासाठीच्या रूढ वाक्प्रचारात तोच द्विरुक्त ध्वनी आहे, पण डावीकडे ‘पाणी’ हे मूलांग लावून.