घर सोडावे की थांबावे? : मुसीच्या १९०८ च्या महापुरातील एक प्रश्न



हैदराबादची जुनी माणसे आपले वय सांगताना सनाचा आधार घेत नसत. ‘तुगयानीच्या साली मी पाळण्यात होतो’, ‘तुगयानीनंतर दोन वर्षांनी आमच्या आईचे लग्न झाले’, असे सांगण्याची रीत होती. तुगयानी म्हणजे महापूर. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला जो पूर आला, त्याने शहराच्या काळाचे दोन भाग केले. पूर कसा आला आणि पुढे शहर कसे सुधारले, हे आपण पुष्कळदा ऐकले आहे. आज मला त्यातला एकच प्रश्न आपल्यापुढे ठेवायचा आहे. त्या रात्री नदीकाठच्या प्रत्येक घराला जो पडला, तो : घरात थांबावे की घर सोडून निघावे?

प्रथम त्या दिवसांचे चित्र डोळ्यांपुढे आणू. नवरात्र नुकतेच बसले होते. हिंदू घरांतून घट मांडलेले होते, नंदादीप तेवत होते. रमझानचेही ते पहिलेच दिवस. मुसलमान घरांतून सहरीसाठी पहाटेच्या आधी उठणे चालू झाले होते. अशा वेळी वरच्या पाणलोट क्षेत्रात पावसाने ताळतंत्र सोडले. शहराच्या दक्षिणेला, आज जिथे विमानतळ आहे त्या शमशाबादला, चोवीस तासांत १२.८ इंच आणि अठ्ठेचाळीस तासांत सुमारे १९ इंच पावसाची नोंद झाली. एरवी मुसी ही उन्हाळ्यात कोरडी पडणारी नदी. धोबी तिच्या पात्रात कपडे वाळवायचे, गुरे उतरायची. नदीची भीती वाटावी असे तिचे रूप वर्षातले फार थोडे दिवस दिसे.

पण पुराचे सगळे पाणी पावसाचे नव्हते. मुसीच्या खोऱ्यात शहराच्या वर लहानमोठे ७८८ तलाव होते. दख्खनच्या शेतीची ती शेकडो वर्षांची कमाई होती. एका तलावाच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात, त्याचे त्याच्या खालच्या तलावात, अशी ती साखळी. ही रचना चांगल्या पावसात शेतकऱ्याला तारते. पण वरचा एक बांध फुटला की त्याचे सारे पाणी एकदम खालच्या बांधावर येऊन आदळते. त्या दोन दिवसांत ७८८ पैकी २२१ तलाव फुटले. मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास नदी झपाट्याने चढू लागली. पहाटे सहाच्या सुमारास पालमाकुलचा मोठा तलाव फुटला आणि त्यामागून आणखी पाणी आले. पूर ऐन भरात असताना नदीतून दर सेकंदाला सव्वाचार लाख घनफूट पाणी वाहत होते, असा हिशेब पुढे अभियंत्यांनी मांडला. १५७८ सालचा पुराणा पूल तेवढा टिकला. अफजल पूल, मुसल्लम जंग पूल आणि चादरघाटचा पूल मोडले.

आता त्या घरात जाऊन उभे राहू. मध्यरात्र उलटली आहे. पाऊस थांबत नाही. गल्लीत पाणी आले आहे. कर्त्या माणसासमोर कोणती माहिती आहे? वर किती तलाव फुटले, हे त्याला ठाऊक नाही. शमशाबादचा पाऊस मोजला गेला, पण तो आकडा रात्रीतून नदीकाठच्या दारापर्यंत नेणारी यंत्रणा नव्हती. त्याच्याजवळ आहे तो आधीच्या पुरांचा अनुभव. पाणी गल्लीत येते, फार तर जोत्यापर्यंत चढते आणि सकाळी ओसरते. वडिलांनी हेच पाहिले, आजोबांनीही हेच पाहिले. या अनुभवाच्या बळावर जो थांबला, त्याला आपण मूर्ख म्हणू शकत नाही. त्याने आपल्याजवळचा एकमेव पुरावा प्रमाण मानला होता.

निघणेही सोपे नव्हते. घरात म्हातारी माणसे, बाळंतीण, तान्ही मुले. पडदा पाळणाऱ्या घरांतील बायकांनी रात्रीच्या अंधारात, ओलेत्याने, रस्त्यावरच्या गर्दीत उतरायचे, हा निर्णय त्या काळी किती जड होता, हे आज समजायला थोडे कष्ट पडतात. घट बसलेले, दिवा अखंड ठेवायचा. गोठ्यात गाय. कोठीत वर्षाचे धान्य, पेटीत मुलीच्या लग्नाचे सोने. आणि निघून जायचे कुठे? पूल गेले की नदीचा दुसरा काठ तुटला. शहराची जमीन दोन्ही बाजूंनी नदीकडे उतरत येते. म्हणजे उंचावर जायचे तर पाण्याकडे पाठ करून चढण चढायची. हे दिवसा कळते. रात्री कमरेएवढ्या पाण्यात दिशा कळत नाही.

थांबणाऱ्यांचा दुसरा आधार म्हणजे शहराचा दगडी तट. नदीच्या दक्षिणेकडचे जुने शहर त्याच्या आत होते. तटाने शत्रू थोपवला, तो पाणीही थोपवील, असा भरवसा वाटणे स्वाभाविक होते, आणि काही वेळ त्याने ते थोपवलेही. पण तटाला भगदाड पडताच पाणी हळूहळू चढले नाही. भिंतीसारखे आत आले. कोळसावाडी आणि घांसी बाजार या वस्त्यांची दैना झाली ती अशी. तिथली बहुतेक घरे मातीची. मातीच्या भिंतीचा पाया भिजला की वरचा मजला सुरक्षित राहत नाही. माळ्यावर चढलेली माणसे घरासकट खाली येतात.

या प्रश्नाचे सोपे उत्तर देऊ पाहणाऱ्याने दोन ठिकाणांच्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

पहिली पेटला बुरुजाची. तटाचा हा भक्कम बुरूज. घरे सोडून निघालेली शेकडो माणसे त्याच्यावर चढली. त्यांनी वेळीच घर सोडले होते. त्यांनी उंच जागा निवडली होती. आसपासच्या साऱ्या बांधकामांत सर्वांत मजबूत दिसणारी जागा निवडली होती. म्हणजे जे जे करावे असे आपण आज सांगू, ते सर्व त्यांनी केले होते. पाण्याने पाया पोखरला आणि बुरूज माणसांसह कोसळला.

दुसरी अफजलगंजच्या चिंचेची. तेव्हाच्या अफजलगंज दवाखान्याच्या आवारातील या झाडावर ज्यांना चढता आले ते चढले. तिथे विचार नव्हता, निवड नव्हती. हाताला फांदी लागली एवढेच. त्या झाडाने सुमारे १५० माणसे वाचवली. दवाखाना वाहून गेला, चिंच उभी राहिली.

या दोन गोष्टींतून ‘बुरुजावर जाऊ नये, झाडावर जावे’ असा धडा काढणे हास्यास्पद होईल. चिंच मुळासकट उपटली गेली असती, तर आपण बुरुजाचे गुण गात बसलो असतो. मला त्यातून निघणारा अर्थ वेगळा वाटतो. पाणी दारात आल्यावर थांबण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही निर्णय आंधळे होतात. शहाणपण, धैर्य, चपळाई यांचा उपयोग तोवर फार थोडा उरतो. खरा निर्णय त्या रात्रीच्या पुष्कळ आधी, पुष्कळ दुसऱ्याच माणसांनी घ्यायचा असतो : वस्ती कुठे होऊ द्यायची, बांधांची डागडुजी कोणी करायची, वरची बातमी खाली कोणी आणायची आणि निघालेल्या माणसाला कुठे पोचवायचे.

मृतांचा आकडा साधारण १५,००० सांगितला जातो. सुमारे १९,००० घरे पडली आणि ८०,००० माणसे उघड्यावर आली. आकड्यांमागची माणसे दिसावीत म्हणून एकाच घराचे उदाहरण देतो. उर्दूतील रुबायांसाठी प्रसिद्ध असलेले कवी अमजद हैदराबादी तेव्हा ऐन तारुण्यात होते. आई, पत्नी आणि मुलगी अशी त्यांची तिन्ही माणसे या पुरात गेली. ते एकटे उरले. पुढे त्यांनी या प्रलयावर कविता लिहिली. त्यांच्या रुबायांतील वैराग्य वाचताना हा दिवस विसरता येत नाही.

पाणी ओसरल्यावर राज्याने जे केले, त्याचे श्रेय दिले पाहिजे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी आपले वाडे बेघरांसाठी खुले केले, अन्नछत्रे चालली. नदी शांत व्हावी म्हणून त्यांनी स्वतः काठावर जाऊन तिची ओटी भरली, आरती केली, अशी आख्यायिका शहरात आजही सांगतात. सरोजिनी नायडूंना कैसर-ए-हिंद पदक मिळाले ते या पुरातील मदतकार्याबद्दल. पण ही सारी मदत निघून आलेल्यांना, वाचलेल्यांना मिळाली. ‘निघा, इकडे या, इथे तुमची सोय आहे’ हे आदल्या संध्याकाळी कोणी सांगितले असते, तर तेच वाडे आणि तीच अन्नछत्रे कितीतरी अधिक माणसांच्या उपयोगी पडली असती.

यानंतर सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या येतात. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेले, मुंबई इलाख्याच्या सेवेतून मोकळे झालेले हे अभियंते १९०९ च्या एप्रिलमध्ये हैदराबादला आले. त्यांनी पावसाच्या नोंदी जमवल्या, तलाव मोजले, पाण्याच्या खुणा पाहिल्या आणि सांगितले, पूर शहरात अडवता येणार नाही. तो शहराच्या वरच अडवला पाहिजे. त्यातून मुसीवर उस्मानसागर १९२० मध्ये आणि इसी या तिच्या उपनदीवर हिमायतसागर १९२७ मध्ये पुरा झाला. १९१२ मध्ये नगरसुधारणा मंडळ स्थापन झाले; काठ मोकळे झाले, बागा आल्या आणि उस्मानिया रुग्णालय, उच्च न्यायालय यांसारख्या इमारतींनी नदीला नवे रूप दिले.

या कामाने आपल्या प्रश्नाची जागाच बदलली. पूर्वी तो प्रत्येक उंबरठ्यावर सुटायचा. आता तो धरणाच्या दरवाजापाशी आला. दरवाजे केव्हा उघडायचे आणि त्याआधी खालच्या लोकांना किती अवधी द्यायचा, यावर घरातल्या माणसाचे थांबणे-निघणे अवलंबून राहू लागले. निर्णय जाणकारांच्या हाती गेला, हा लाभ. पण जाणकारांनी बातमी हातची राखली, तर धरण नसलेल्या काळापेक्षाही माणूस अधिक असहाय होतो. पुण्याचा पानशेतचा पूर आपल्यापैकी अनेकांनी आपल्या आप्तांकडून ऐकला असेल. ११ जुलै १९६१ च्या रात्री धरणावर जवान वाळूची पोती रचत होते आणि खाली शहर झोपले होते. १२ तारखेच्या सकाळी पानशेत फुटले, त्यामागून खडकवासला फुटले. त्याच खडकवासल्यावर विश्वेश्वरय्यांनी आपले स्वयंचलित दरवाजे बसवले होते. पाणी दिवसाउजेडी आले म्हणून हजारो माणसे पळून वाचली. तेवढा फरक सूर्याने केला.

आपल्या शहरात धरणांचा आणखी एक परिणाम झाला. मुसी वर्षानुवर्षे शांत राहिली आणि तिच्या पात्रालाच लोक जमीन समजू लागले. चादरघाटजवळ मुसानगर, शंकरनगर या कष्टकऱ्यांच्या वस्त्या अगदी पाण्यालगत आहेत. शहरभर तलाव बुजले, त्यांवर घरे झाली. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये अतिवृष्टी झाली तेव्हा पल्ले चेरूवू, गुर्रम चेरूवू असे तलाव पुन्हा फुटले, आणि १९०८ ची ती साखळी आपल्याला आठवली.

आता सूचना मिळते. भोंगा लावून गाडी फिरते, शाळा, समाजमंदिरे उघडतात. तरी काही माणसे निघत नाहीत, आणि पांढरपेशा घरांत बसून आपण म्हणतो, ‘यांना जिवाची पर्वा नाही.’ श्रोतेहो, हे बोलण्याआधी त्यांच्या उंबरठ्यावर क्षणभर उभे राहावे. मागे राहिलेले सिलिंडर, शिवणयंत्र, मुलांची कागदपत्रे कोण राखणार? तीन दिवसांची मजुरी बुडाली तर चूल कशी पेटणार? आणि ज्याच्या घराला कागदाचा आधार नाही, त्याला सर्वांत मोठी धास्ती ही, की एकदा बाहेर पडलो तर परत येऊ देतील का? नवरात्राचा दिवा सोडून निघायला कचरणाऱ्या १९०८ च्या गृहिणीइतकाच हा विचार खरा आहे. परतीची हमी असेल, तरच माणूस घर सोडतो. ही हमी पाण्याबरोबर येत नाही; ती आधी द्यावी लागते आणि पाळून दाखवावी लागते.

उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात ती चिंच आजही आहे. दर २८ सप्टेंबरला काही मंडळी तिच्यापाशी जमतात. आपणही एकदा तिथे जाऊन यावे आणि येताना पेटला बुरुजावरून यावे. झाडाखाली उभे राहून वाचलेल्या दीडशेंचे कौतुक वाटते. बुरुजापाशी मात्र ज्यांनी सगळे बरोबर केले आणि तरीही जे वाचले नाहीत, त्यांची आठवण होते. शहराने आपली व्यवस्था त्या माणसांना डोळ्यांपुढे ठेवून करावी, एवढेच मला आज सांगायचे होते.