पाप पदरी घेणे (ख्रिस्ती धर्म)

पाप पदरी घेणे : आपल्या हातून घडलेले पाप न लपवता आणि त्याचे खापर दुसऱ्यावर न फोडता ईश्वरापुढे मान्य करणे. मराठी बायबलमधून हा वाक्प्रयोग ख्रिस्ती मराठीत रुळला. पापांगीकार, पापकबुली व पापनिवेदन हे त्याचे पर्याय होत. या कृतीला लीनतेची जोड आवश्यक मानतात. पाप पदरी घेणारा त्याच पदराने क्षमेची भीक मागतो.

संकल्पना : नव्या करारात पापासाठी येणाऱ्या ‘हमार्तिया’ या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ नेम चुकणे असा आहे, तर पश्चात्तापासाठी येणाऱ्या ‘मेतानोइया’चा अर्थ मन पालटणे. ईश्वराशी आणि शेजाऱ्याशी असलेले नाते तुटणे हे पापाचे मुख्य लक्षण ठरते. सोवळेओवळे वा विटाळ यांच्याशी त्याचा संबंध नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायातील परूशी व जकातदार यांचा दाखला या विषयाचा आधार मानला जातो. परूशी प्रार्थनेत आपले उपास आणि दशांश मोजून दाखवतो. जकातदार मात्र दूर उभा राहून नुसती दया मागतो, आणि येशू त्यालाच नीतिमान ठरवतो. स्तोत्र 51 आणि उधळ्या पुत्राचा दाखला यांतही हाच भाव आहे.

आचार : कॅथलिक परंपरेत पापकबुली हा सात संस्कारांपैकी एक आहे. मनापासून पश्चात्ताप, धर्मगुरूपुढे कबुली आणि नेमून दिलेले प्रायश्चित्त ही भाविकाची कर्तव्ये, तर पापमुक्तीचे वचन उच्चारणे हे धर्मगुरूचे काम. वर्षातून किमान एकदा कबुली देण्याचा नियम 1215च्या चौथ्या लॅटरन परिषदेने केला. ऐकलेली कबुली धर्मगुरूने कोणालाही सांगायची नसते. मार्टिन ल्यूथरच्या 1517मधील 95 सिद्धांतांपैकी पहिलाच, श्रद्धावंताचे सारे आयुष्य पश्चात्तापाचे असावे, असे सांगतो. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत प्रभुभोजनापूर्वी सामूहिक पापांगीकाराची प्रार्थना होते. पुनरुत्थान सणाआधीचा उपवासकाळ आत्मपरीक्षणाचा मानतात. त्याच्या आरंभी कॅथलिक भाविक कपाळाला राख लावून घेतात.

मराठी परंपरा : फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616मध्ये छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त पाप व तारण यांची कथा ओवीत मांडली. त्याच्या आदल्याच वर्षी बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईशी निगडित, ओवीतून लिहिणारे संतकवी दासोपंत (1551–1615) निवर्तले. ओवीची ही परंपरा स्टीफन्स यांना तयार मिळाली. दीन, पतित, शरण असे भक्तिपरंपरेचे शब्दही मराठी ख्रिस्ती लेखनात सहज सामावले. ना. वा. टिळक (1861–1919) यांच्या अभंगांत हा संगम ठळक आहे. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये आपला सोवळ्याचा आग्रह आणि तो सुटत गेल्याची हकीकत स्वतःलाच हसत सांगितली आहे.

पंडिता रमाबाई यांचा बाप्तिस्मा 1883मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले, की तोवर आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हता. आपण स्वतः पापी आहोत ही जाणीव त्यांना काही वर्षांनी झाली. जून 1905मध्ये त्यांच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये मोठे धार्मिक जागरण झाले. तेथील मुली आणि स्त्रिया रडत, मोठ्याने आपल्या चुका सांगत प्रार्थना करू लागल्या. विदुषी रमाबाईंची साक्ष आणि दुष्काळातून वाचलेल्या मुलींची कबुली एकाच आवारातली आहे.

बीड व मराठवाडा : मराठवाड्यातील ख्रिस्ती मंडळ्यांच्या संदर्भात पाहता, बीड जिल्हा 1948पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आष्टीच्या बाजूने त्याला लागून असलेल्या तेव्हाच्या अहमदनगरात (आता अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831पासून होते. गेवराईच्या उत्तरेस गोदावरीपलीकडील जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली. आज जिल्ह्यातील कॅथलिक 1977मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात मोडतात. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या उत्तर भारतीय मंडळीत सामील झाल्या.

मतभेद : नगर आणि मराठवाड्यातील ख्रिस्ती समाजात महार व मांग समाजांतून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. ज्यांना जन्मापासून अपवित्र ठरवले गेले, त्यांच्यापुढे लीनतेचा उपदेश अवमानाची पुनरावृत्ती ठरू शकतो. अरविंद निर्मळ यांनी 1981मध्ये बंगळूर येथे मांडलेल्या दलित ईशज्ञानाने दलितांचे दुःख आणि आत्मसन्मान चिंतनाच्या केंद्रस्थानी आणले. त्या दृष्टीने जातिभेद हे तो पाळणाऱ्याचे पाप ठरते आणि ते पदरी घेण्याची जबाबदारीही त्याचीच असते. लादलेला कलंक हे पाप नव्हे. तो पदरी घ्यावा लागत नाही.