पेंफिगस आणि आत्मप्रतिपिंडे
पेंफिगस : त्वचेवर व तोंडातील श्लेष्मकलेवर सैल, सहज फुटणारे फोड आणणारा दीर्घकालीन रोग. फोड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव पडले. स्टेरॉइडे १९५० च्या सुमारास उपचारात येण्यापूर्वी त्याचा पेंफिगस व्हल्गॅरिस हा प्रकार बहुधा काही वर्षांत प्राणघातक ठरे. उघड्या जखमांवाटे द्रव व प्रथिने झिरपून जात आणि जंतुसंसर्ग होई. कारण मात्र अज्ञातच होते.

फोड येणारे अनेक रोग पूर्वी याच नावाखाली मोडत. १९५३ मध्ये वॉल्टर लीव्हर यांनी सूक्ष्मदर्शकीय तपासणीवरून त्यांतून बुलस पेंफिगॉइड हा मुख्यतः वृद्धांना होणारा रोग वेगळा काढला. पेंफिगसमध्ये बाह्यत्वचेतील कोशिका एकमेकींपासून सुटतात व फोड बाह्यत्वचेतच तयार होतो. पेंफिगॉइडमध्ये संपूर्ण बाह्यत्वचा अंतस्त्वचेपासून उचलली जाते.

न्यूयॉर्क राज्यातील बफालो येथे अर्न्स्ट ब्यूट्नर व रॉबर्ट जॉर्डन यांनी १९६४ मध्ये पेंफिगसच्या रुग्णांचा रक्तरस ऊतकाच्या पातळ छेदांवर सोडला. मानवी प्रतिपिंडांना चिकटणाऱ्या व चमकणारे रंजकद्रव्य जोडलेल्या द्रव्याने तो छेद तपासता कोशिकांमधील जागा जाळीसारख्या उजळल्या. १९६७ मध्ये पेंफिगॉइडच्या रक्तरसाने मात्र बाह्यत्वचेच्या तळाशी एक सलग रेघ दाखविली. लीव्हर यांचा भेद अशा रीतीने रक्तातही सापडला.

तथापि प्रतिपिंडे आढळली म्हणजे तीच रोगाचे कारण, असे ठरत नाही. भाजलेल्या रुग्णांतही पेंफिगसमधल्यासारखी प्रतिपिंडे आढळत. म्हणजे ती त्वचानाशाचा परिणामही असू शकत. रुग्ण मातेच्या नवजात अर्भकास क्वचित फोड येत व मातेकडून वारेतून आलेली प्रतिपिंडे नाहीशी झाली की काही आठवड्यांत बरे होत, हा निसर्गानेच केलेला प्रयोग बोलका होता. १९७६ मध्ये रुग्णांच्या इम्युनोग्लोब्युलिन जी या प्रतिपिंडांनी प्रयोगशाळेत जोपासलेल्या निरोगी मानवी त्वचेतील कोशिका सुट्या झाल्या. १९८२ मध्ये ग्रँट अनहाल्ट व सहकाऱ्यांनी तीच प्रतिपिंडे नवजात उंदरांना टोचून फोड आणले, तेव्हा वाद मिटला.

पेंफिगॉइडच्या बाबतीत हा पुरावा लांबला. कारण रुग्णांची प्रतिपिंडे उंदराच्या संबंधित प्रथिनाला चिकटतच नाहीत. उंदराच्या प्रथिनाविरुद्ध सशात तयार केलेली प्रतिपिंडे वापरल्यावर १९९३ मध्ये ते साधले. येथे फोड येण्यास रक्तातील पूरक प्रथिने व श्वेत कोशिकाही लागतात. पेंफिगसमध्ये प्रतिपिंडांचे बंधनच बहुतांशी पुरते.

पेंफिगस व्हल्गॅरिसमधील लक्ष्य मासायुकी अमागाई, जॉन स्टॅन्ली व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ओळखले. कोशिकांना एकमेकींशी जखडणारे हे प्रथिन डेस्मोग्लीन-३ होय. पेंफिगस फोलिएशस या वरवरच्या प्रकारात डेस्मोग्लीन-१ हे लक्ष्य असते व तोंड सहसा वाचते. स्टेरॉइडे सर्वच प्रतिरक्षा दडपतात. रिटुक्सिमॅब मात्र प्रतिपिंडे बनविणाऱ्या कोशिकांच्या पूर्वज बी-कोशिका नष्ट करते. पेंफिगस व्हल्गॅरिसवर त्यास अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली.